फोनवरून डोळा किती दिसतो?

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन साताऱ्यात झालं, १६ मार्च २०२० ला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, डॉक्टर मॅडमनी दिव्याखाली डोळा पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे, आता पुढच्या सोमवारी या." तो पुढचा सोमवार काही उजाडला नाही. म्हणजे उजाडला, पण आदल्या रविवारी जनता कर्फ्यू झाला होता, सोमवारी राज्यात संचारबंदी लागली आणि मंगळवारी रात्री देशाचं दारच बंद झालं. आई वाईजवळच्या आमच्या गावी, मी पुण्यात, मॅडम साताऱ्यात. तिघांच्या मध्ये काय तो फोन.

तर फोनवरच तपासणी ठरली. गावी चुलतभावाचा अकरावीतला मुलगा होता, तो कॅमेरामन. मॅडम व्हिडिओवरून त्याला सांगत होत्या, "फ्लॅश सरळ डोळ्यावर नको मारू रे. दुसऱ्या मोबाइलची बॅटरी घे आणि कानशिलाकडून, बाजूनं धर. काकू, वर बघा. आता खाली. पापणी हलकेच ओढ, डोळ्यावर दाबायचं नाही." पहिला फोटो हलला. दुसऱ्यात आईचं नाक एकदम सुस्पष्ट आलं, डोळा धूसर. तिसरा बरा निघाला, तर व्हॉट्सॲपनं तो दाबून बारीक केला. मग "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव" हे शिकणं झालं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "लाली नाही, घाण येत नाही, पापणी सुजलेली नाही. बरं आहे." आणि जरा थांबून, "दिसतंय तेवढं बरं आहे."

ते 'दिसतंय तेवढं' माझ्या डोक्यात राहिलं. करोनाच्या काळात जगभरचे डोळ्यांचे डॉक्टर फोन आणि व्हिडिओवरच्या तपासणीकडे कसं बघत होते, यावर नंतर बरंच वाचलं, आणि मला वाटतं त्या सगळ्याचं सार या दोन शब्दांत आहे. त्यांची नाराजी तंत्रज्ञानावर नव्हती. मोतीबिंदू काढून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी घातलेली लेन्स आत सरकवणाऱ्या माणसाला मोबाइलची कसली भीती? अडचण वेगळी होती.

आपल्याला वाटतं, डोळा तर चेहऱ्यावरच आहे. पोट, काळीज, फुप्फुस आत दडलेली. डोळ्याचा फोटो काढला की काम झालं. पण फोटोत येतं ते डोळ्याचं अंगण. घर सगळं आत.

दवाखान्यात आपण हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून बसतो ते यंत्र म्हणजे स्लिट लॅम्प. नावातच आहे, फटीतून येणारा दिवा. जुन्या घरात दुपारी अंधाऱ्या माजघरात बसलं की कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते आणि एरवी न दिसणारे धुळीचे कण तिच्यात नाचताना दिसतात. स्लिट लॅम्प डोळ्यात नेमकं हेच करतो. प्रकाशाची एक बारीक फीत तिरकी आत सोडायची आणि दुर्बिणीतून बघायचं. डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणी निरोगी असेल तर फीत स्वच्छ दिसते. आत सूज असेल तर त्या फितीत पांढऱ्या पेशी धुळीसारख्या तरंगताना दिसतात. ऑपरेशननंतर आठवड्यानं मॅडमना जे बघायचं होतं ते हेच, आणि हे जगातल्या कुठल्याही मोबाइलच्या कॅमेऱ्यात बॅटरी मारून दिसत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्याचं प्रेशर. साधारण १० ते २१ मिलिमीटर (पाऱ्याचे) हे त्याचं नेहमीचं माप. ते वाढून आतली नस हळूहळू सुकते, तो काचबिंदू. बहुतेक वेळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं शेवटपर्यंत बरं दिसतं, कडेचं कमी होत जातं. म्हणजे रुग्णाला विचारून कळणार नाही आणि फोटो बघूनही कळणार नाही. तिसरी गोष्ट डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना. तो बघायला थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते आणि वर खास भिंगं लागतात. कुठल्याही तपासणीची पहिली पायरी म्हणजे नजर किती आहे हे बघणं, त्यालाही सहा मीटरवर टांगलेला अक्षरांचा तक्ता लागतो. थोडक्यात, फिजिशियनचा निम्मा कारभार रुग्णाच्या बोलण्यावर आणि रिपोर्टवर चालतो. डोळ्यांच्या डॉक्टरांचा जवळजवळ सगळा कारभार स्वतः बघण्यावर.

बरं, हे बघणं किती जवळून? डॉक्टर आणि रुग्ण यांच्या चेहऱ्यांत जेमतेम वीतभर अंतर. एरवी त्याचं काही वाटत नसे. पण वुहानमध्ये आजाराबद्दल सहकाऱ्यांना पहिल्यांदा सावध करणाऱ्यांपैकी एक, ली वेनलियांग, हे डोळ्यांचेच डॉक्टर होते. काचबिंदूच्या एका रुग्णाकडून संसर्ग झाल्याचं सांगितलं जातं, त्या रुग्णाला तेव्हा काही लक्षणं नव्हती. ७ फेब्रुवारी २०२० ला ते गेले, वय अवघं तिशीतलं. ही बातमी डोळ्यांच्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात घर करून बसली. मग स्लिट लॅम्पला आडपडदे लागले. कंपनीचे मिळेनात तेव्हा लोकांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्म धुऊन, मधे दोन भोकं पाडून लावल्या. मॅडमच्या दवाखान्यात मी पुढे पाहिला तोही असाच घरगुती होता, कोपऱ्यात कुणाच्या तरी बरगड्यांची अंधुक रेघ शिल्लक असलेला.

म्हणजे पेच असा. जवळ जावं तर जीव टांगणीला, लांब राहावं तर डोळा कळत नाही.

त्यात कायद्याची टांगती तलवार. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कोकणातल्या एका प्रकरणात, रुग्णाला न तपासता फोनवरून औषधं सांगितल्याच्या आरोपावरून, डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला होता. रुग्ण दगावली होती. ते प्रकरण डोळ्यांचं नव्हतं आणि निकाल जामिनापुरता होता, पण महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या ग्रुपवर तो इतका फिरला की "फोनवर औषध सांगायचं नाही" हा पुष्कळांचा नियमच झाला. अशा डॉक्टरांना अचानक सांगायचं, की आता सगळं फोनवर करा.

२५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातली आपल्या कामाची कलमं अगदी सरळ आहेत. फोन, व्हिडिओ किंवा लिखित संदेश, तिन्हींवरून सल्ला देता येईल. रुग्णानं स्वतः संपर्क केला तर त्याची संमती गृहीत. डॉक्टर नेहमीसारखी फी घेऊ शकतात, नोंद मात्र ठेवायची आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक घालायचा. औषधांच्या याद्या केल्या: काही कशाही पद्धतीनं लिहून देता येतील, काही पहिल्या भेटीत व्हिडिओ असेल तरच, काही फक्त आधी पाहिलेल्या रुग्णाला, आणि झोपेच्या-नशेच्या वर्गातली काही अजिबात नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, फोनवर भागेल की रुग्णाला समोर बोलवायचं, हा निर्णय डॉक्टरचा. या एका वाक्यानं डॉक्टरांना धीर आला, आणि जबाबदारीही सगळी त्यांच्याच गळ्यात पडली.

मग त्यांनी केलं काय? लॉकडाउनच्या सुरुवातीच्या दिवसांत भारतातल्या नेत्रतज्ज्ञांची एक पाहणी झाली, इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत ती छापून आली. १२६० जणांनी उत्तरं दिली. ७२.५ टक्के डॉक्टर एकही रुग्ण प्रत्यक्ष तपासत नव्हते. ५९ टक्क्यांना वाटत होतं, की इतर शाखांपेक्षा आपल्याला लागण होण्याचा धोका जास्त. आणि ७७.५ टक्क्यांनी फोन, ईमेल, व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲपसारख्या मार्गानं सल्ला द्यायला सुरुवात केली होती. चारांतले तीन! म्हणजे आपले डॉक्टर टेलिमेडिसिनच्या प्रेमात पडले म्हणायचे?

याच्या शेजारी अमेरिकेचा आकडा ठेवा. तिथे २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मधुमेह-थायरॉइड बघणाऱ्या एंडोक्रायनॉलॉजिस्टपैकी ६८ टक्क्यांनी टेलिमेडिसिन वापरलेलं निघालं. डोळ्यांच्या डॉक्टरांत हा आकडा ९ टक्के. जवळजवळ तळात. तिथेही सरकारनं मार्चमध्येच नियम सैल केले होते, पैसे मिळत होते, यंत्रणा होती.

एकाच साथीत एकीकडे ७७ आणि दुसरीकडे ९, हे कसं? कारण दोन्हीकडे मोजलं ते वेगळं. अमेरिकेत मोजली बिल केलेली, रीतसर 'भेट'. आपल्याकडे विचारलं, फोनवर सल्ला देता का. गावाकडून आलेला फोन, "मॅडम, थेंब संपले, मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीचे देतोय, चालतील का?" हाही आपल्या ७७ टक्क्यांत धरलेला असू शकतो. असल्या फोनला आपल्याकडे कुणी भेट म्हणत नाही, आणि बहुतेक वेळा पैसेही घेत नाही. डॉक्टरांच्या कुरकुरीचं एक मोठं कारण हेच होतं. दवाखाना बंद, भाडं चालू, स्टाफचे पगार चालू, आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर लाल डोळ्याचा फोटो, खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. नाव नाही, वय नाही, केव्हापासून ते नाही.

हा लाल डोळा म्हणजे फोनवरचा सगळ्यात फसवा पाहुणा. डोळे आले असतील तर लाल. ॲलर्जी असेल तर लाल. बुबुळावर जखम होऊन त्यात जंतू गेले असतील तरी लाल, आतून सूज असेल तरी लाल, प्रेशर एकदम चढलं असेल तरी लाल. पहिल्या दोन्हींत सहसा नजरेला धोका नसतो. बाकीची नजर घेऊन जाऊ शकतात. ऊसाचं पान नाहीतर भाताची लोंबी डोळ्याला लागून बुरशीचा संसर्ग होणं आपल्या शेतकऱ्यांत नवीन नाही. अशा डोळ्यात कुणी स्टेरॉइडचे थेंब घातले तर दोन दिवस लाली कमी होते, रुग्ण खूश होतो, आणि आत बुरशी मोकाट सुटते. मग बुबुळावर कायमचं फूल पडतं. म्हणून जे डॉक्टर फोनवर "लाल आहे ना, मग या" एवढंच म्हणायचे, त्यांना तुसडे म्हणण्यात अर्थ नाही. जे फोटो बघून लगेच थेंबांचं नाव सांगतात, त्यांचीच मला जास्त भीती वाटते.

डोळ्यांच्या सगळ्या डॉक्टरांचं मत मात्र एकसारखं नव्हतं. ज्यांचं काम पापण्या, अश्रूंची नळी, डोळ्याभोवतीची सूज यांचं, त्यांना व्हिडिओ बराच पटला, कारण रोग बाहेरच दिसतो. तिरळेपणा आणि लहान मुलं बघणाऱ्यांनाही काही प्रमाणात. रडणारं पोर दवाखान्यापेक्षा आजीच्या मांडीवर जास्त नीट बघू देतं, हे त्यांना कळलं. काचबिंदू आणि पडद्याचे डॉक्टर सर्वात नाखूश. पडद्यावर सूज आलेल्या मधुमेही रुग्णाला दर महिन्या-दोन महिन्यांनी डोळ्यात इंजेक्शन लागतं. ते चुकलं तर नजर जाते, आणि फोनवरून सुई टोचता येत नाही.

तरीही एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होत गेलं. फोन निदानाला कमी पडत असेल, पण चाळणी म्हणून उत्तम. कुणी घरीच थांबावं, कुणी उद्या यावं आणि कुणी मिळेल त्या गाडीनं आत्ता निघावं, एवढं ठरवायला चार-पाच नेमके प्रश्न पुरतात. दुखतंय का? नजर कमी झाली का, आणि एकदम की हळूहळू? एकेक डोळा झाकून बघितलंत का? (हा प्रश्न फार मोलाचा. दोन्ही उघडे ठेवले की चांगला डोळा वाईटाची चूक झाकतो आणि माणसाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.) वीज चमकल्यासारखं होतं का, काळे ठिपके एकदम वाढले का, कडेनं पडदा ओढल्यासारखं वाटतं का? याला 'हो' असेल तर पडदा सुटत असू शकतो, मग तासांचा प्रश्न. काही लागलंय का, ॲसिड किंवा चुना उडालाय का? चुन्याला तर फोनवरचं पहिलं उत्तर एकच: बोलणं नंतर, आधी नळाखाली डोळा धरून धुवा, धुवत राहा.

लंडनच्या मूरफील्ड्स या जुन्या नेत्ररुग्णालयानं हेच व्हिडिओवर केलं. तातडीच्या विभागात धावत येण्याऐवजी लोकांनी आधी व्हिडिओवर यायचं. सुरुवातीच्या दिवसांतल्या तीनशेहून अधिक रुग्णांपैकी तीन चतुर्थांशांना तरी दवाखान्यात यावंच लागलं नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं लॉकडाउनच्या पहिल्या टप्प्यातच सुमारे ७ हजार रुग्णांना दूरसल्ला दिला. त्यांच्याकडे रुग्णाचे जुने कागद संगणकावर होते ही मोठी सोय, कारण आधी पाहिलेल्या डोळ्याबद्दल फोनवर बोलणं आणि अनोळखी डोळ्याबद्दल बोलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आईच्या बाबतीतही मॅडम बोलल्या त्या स्वतः लेन्स बसवलेल्या डोळ्याबद्दल. अनोळखी रुग्णाला त्यांनी नकारच दिला असता, असं त्यांनी नंतर स्पष्ट सांगितलं.

आता गंमत अशी, की डोळ्यांची शाखा टेलिमेडिसिनमध्ये मागे नाहीच. उलट करोनाच्या कितीतरी आधीपासून पुढे आहे. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयानं २००० नंतरच्या दशकात तामिळनाडूत छोट्या गावांतून दृष्टी केंद्रं काढली. केंद्रात डॉक्टर नाही. प्रशिक्षित तंत्रज्ञ मुलगी असते, बहुतेक वेळा त्याच भागातली. ती नजर तपासते, स्लिट लॅम्पवर बघते, प्रेशर घेते, फोटो काढते, आणि मग मुख्य रुग्णालयातला डॉक्टर संगणकाच्या पडद्यावर येऊन रुग्णाशी बोलतो. कर्नाटकात २००८ पासून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी किड्रॉप नावाचा उपक्रम चालतो. अशा बाळांच्या पडद्याला जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात तपासावंच लागतं, नाहीतर कायमचं अंधत्व येऊ शकतं. तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन तालुक्या-जिल्ह्याच्या दवाखान्यांत जातात, बाळाच्या पडद्याची छायाचित्रं घेतात, बंगळुरूला बसलेले डॉक्टर ती वाचतात.

इथे डॉक्टरांची कुरकुर ऐकू येत नाही. का? कारण रुग्णाच्या बाजूला यंत्र आहे आणि ते चालवणारा शिकलेला हात आहे. डॉक्टर लांब आहे, तपासणी लांब नाही. लॉकडाउनमध्ये घडलं ते याच्या नेमकं उलट: डॉक्टरही लांब, यंत्रही लांब, आणि रुग्णाच्या बाजूला अकरावीतला मुलगा. "तुम्हाला टेलिमेडिसिन आवडतं का?" असं विचारून डॉक्टरांचा कल मोजायचा, तर दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन विचारल्यासारखं होतं. उत्तरं उलटसुलट आली यात नवल नाही.

आणखी एक विरोधाभास मला फार जाणवला. ज्याला दिसत नाही त्यालाच आपण सांगतो, की स्क्रीनवरचं हिरवं बटण दाबा. पिकलेला मोतीबिंदू, वय पंचाहत्तर, साधा बटणांचा फोन, त्यातही शेजाऱ्याचा. अशा रुग्णापर्यंत व्हिडिओ पोचतो तो कुणी तरुण घरात असेल तर. मुलं मुंबईला गेलेली, घरात दोघंच म्हातारी, अशी घरं या सगळ्या आकडेवारीत कुठेच दिसत नाहीत.

पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, फोटोला खरी किंमत आली. करोनातून उठलेल्या मधुमेही रुग्णांत म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) पसरला. महाराष्ट्रात हजारो लोकांना झाला, मे २०२१ मध्ये केंद्रानं राज्यांना तो नोंद करण्याजोगा आजार ठरवायला सांगितलं. नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत, पुढे मेंदूकडे असा त्याचा प्रवास. पहिल्या खुणा मात्र चेहऱ्यावर उमटतात: एका बाजूची पापणी खाली येणं, डोळ्याखाली सूज, गाल बधिर होणं, एकाचे दोन दिसणं. इथे व्हिडिओवरची ती अपुरी नजरही पुरेशी होती. पापणी झुकलेली दिसली की डॉक्टर म्हणायचे, "फोन ठेवा, निघा." निदान पक्कं व्हायला पुढे स्कॅन आणि नाकातला नमुना लागायचाच, पण या आजारात एकेक दिवस मोलाचा.

आईचा उजवा डोळा व्यवस्थित बसला. चष्म्याचा नंबर काढायला जायचं ते २०२० च्या जूनमध्ये जमणार होतं, पण तेव्हा आमच्या भागात रुग्ण वाढले आणि आईनंच नको म्हटलं. "मला दिसतंय की, त्या बाईंना कशाला त्रास." मग दर महिन्याला फोटो. पोरगा एव्हाना इतका तयार झाला होता, की बॅटरी कानशिलाकडून धरायची हे शेजारच्यांना शिकवत होता. डाव्या डोळ्याचाही फोटो सोबत जायचा, त्याचा मोतीबिंदू अजून काढायचा होता. तो डोळा दर वेळी पांढरास्वच्छ, दुखणं नाही, लाली नाही.

नोव्हेंबरात आईला घेऊन साताऱ्याला गेलो. एक्स-रे फिल्मच्या भोकांतून मॅडमनी आधी उजवा डोळा पाहिला, मान डोलावली. मग डाव्याचं प्रेशर घेतलं. परत घेतलं. २८.

"काकू, आठ महिने हा डोळा मी बघतेय," त्या म्हणाल्या आणि काचबिंदूच्या थेंबांची चिठ्ठी लिहायला घेतली.